व्हिटॅमिनची बाटली

दादाच्या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या मी बारा वर्षं व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून देत आले. "कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल," असं त्याला बजावायचे. खरी धास्ती होती, माझ्या सासरी कळेल याची. आज तो बाटली घरीच विसरला, म्हणून धावतपळत बाइंडिंगच्या कारखान्यात पोचले. त्याच्याशेजारी पुस्तकं शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, गोळी घेतली त्याने. मीच आठवण करते रोज." मी बाटली झटकन पाठीमागे लपवली. मावशी पुढे सांगू लागल्या, "मध्यंतरी चक्कर आली म्हणून मी त्याच्याकडे व्हिटॅमिनची गोळी मागितली. देईना! सगळे त्याला कंजूष म्हणाले, तेव्हा खरं बोलला." "मग?" मी पुटपुटले. "मग काय? लागलो कामाला." दादाने खिशातून औषधाचं नाव छापलेली स्ट्रिप सरळ काढली. ओशाळून मी बाटली पुढे केली. त्याने ती माझ्याच मुठीत दाबली. "मला नको," दादा म्हणाला. "तुला अजून लागेल."