मेथीच्या जुड्या

रागिणी अकोल्याहून पातूरला माहेरी आली, ती मनात संशय घेऊनच. आईला आताशा काही आठवत नाही, आणि त्याचा फायदा घेऊन वहिनी तिला दिवसभर मेथीच्या जुड्या बांधायला बसवते, असं शेजारणीने फोनवर सांगितलं होतं. आणि खरंच, आई ओसरीत पोत्यावर बसून जुड्या बांधत होती.

दुपारी साधनावहिनी भरलेली टोपली घेऊन आत गेली. रागिणी पाय न वाजवता मागोमाग गेली. वहिनी स्वयंपाकघरात बसून एकेक जुडी सोडत होती.

"वयनी, बांधलेल्या जुड्या काहून सोडून राह्यल्या तुमी?"

"हळू बोला ना ताई! मळा इकून तीन वर्सं झाली. पन हात रिकामा असला का आई रडतात. बजाराची गाडी चुकन म्हनतात. म्हनून हेच मेथी पानी शिंपडून पुन्हा त्यायच्या पुढ्यात ठेवते."

रागिणी तशीच मागे फिरली. ती ओसरीत येऊन आईजवळ बसली. आईने दाराकडे संशयाने पाहिलं, हातातली जुडी पदराखाली झाकली आणि रागिणीच्या कानाशी तोंड नेलं.



"आतमंदी ते बाई हाय ना, तिचं डोकं जाग्यावर नाई. बांधलेल्या जुड्या सोडते अन् इसरून जाते. मी तिले काई म्हनत नाई, गुपचूप पुन्हा बांधून देते. वाईट वाटन ना बिचारीले."