कुकरबंदी

रेल्वेतून रिटायर झालेल्या प्रल्हाद सावेंनी आशागडच्या आपल्या चिकूवाडीत जाळीचा ऐसपैस पिंजरा बांधला आणि गोल्डन फेजंट पक्ष्यांची जोडी आणली. नर सोनेरी, झळझळीत; मादी मातकट. आता पिल्लं काढायची, एवढाच ध्यास.

होळी उलटली तरी अंडं काही दिसेना. काकांनी निदान केलं : पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, तेव्हा कुकरच्या शिट्टीनेच मादी बिचकत असणार. "वसू, आजपासून कुकर बंद!" वसुमतीकाकू मुकाट्याने पातेल्यात डाळ शिजवू लागल्या. काकांनी मादीसाठी अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून धाकट्या डहाणूहून शिंपल्यांचा चुरा आणला, आडोशाला गोणपाट बांधलं. दोन्ही पक्षी भांडले की म्हणत, "संसार आहे, चालायचंच." मादीच्या मानेवर पहिलं पिवळं पीस दिसलं तेव्हा तर ते हरखूनच गेले. "वसू, बघ, कसं तेज चढलंय! आता अंडं नक्की."

तेज चढतच गेलं. दसऱ्याला पिंजऱ्यात दोन झळझळीत सोनेरी पक्षी बसले होते. काकांनी विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला. "काका, दोन्ही नरच की! पहिल्या वर्षी नरसुद्धा मादीसारखाच मातकट दिसतो. तुम्हाला माहीत असेलच."

"हो हो, माहीत आहे ना," म्हणत काकांनी फोन ठेवला आणि खिडकीकडे वळून ओशाळं हसले. "वसू, वर्षभर एका बाप्याचे डोहाळे पुरवले गं मी!"

 आतून काकूंनी शांतपणे विचारलं, "आता कुकर लावू?"