निरोपाची रांग

"एक प्रवासी कमी आहे," सामान चढवणाऱ्यांचे मुकादम मोरिवाकीसाहेब म्हणाले. "चिहारू हामासाकी. सामान विमानात चढलंय, बाईंचा पत्ता नाही. जरा वाट बघू, नाहीतर बॅग उतरवा."

चिहारू म्हणजे तिथेच सामान चढवणाऱ्या हिरोमित्सूची मुलगी. कॅनडाला चालली होती, नोकरीला, आणि लग्नही तिकडेच करणार होती. वर्षभर बापलेकीत धड बोलणं नव्हतं.

तो विमानाखाली येरझाऱ्या घालू लागला. याच जागी त्याचा बाप जाळी टाकायचा. मग डोंगर फोडून समुद्रात ओतले, वर विमानतळ झाला, आणि कोळ्याचा पोरगा त्याच भरावावर सामान चढवायला लागला. घरातली रीत तेवढी जुनी राहिली. समुद्रावर निघालेल्याला निरोप दारात द्यायचा नाही, धक्क्यावर उभं राहून हात हलवायचा. म्हणून सकाळी तो पोरीशी एक अक्षर न बोलता घराबाहेर पडला होता. सुटणाऱ्या विमानाला खाली रांगेत उभं राहून हात करणं त्याच्या कामातच होतं, आणि आजची पाळी त्याने मुद्दाम मागून घेतली होती. पण हे तिला सांगायला नको? शहाण्याला ते सुचलंच नाही.

मोरिवाकींचा वॉकीटॉकी खरखरला. वर, गेटवरच्या नागाओबाई बोलत होत्या. "सापडली. तपासणीच्या अलीकडे बसून आहे. म्हणते, बाबा भेटल्याशिवाय जाणार नाही."

मोरिवाकींनी मान वळवली. "तुझी पोरगी?"

"हो."

"मग काय, उतरवायची बॅग?"

नुसती मान हलवली असती तर पोरगी घरी होती. वर्षभर त्याला दुसरं काय हवं होतं?

"नको," तो म्हणाला आणि वॉकीटॉकी मागून घेतला. "नागाओबाई, तिला सांगा, बाबा धक्क्यावर उभा आहे. विमानाखाली. एवढं सांगितलं की कळेल तिला."

मग नागाओबाई म्हणाल्या, "पळत सुटली हो. पण विचारत होती, कुठल्या बाजूला उभे राहाल? तिची खिडकी उजवीकडची आहे."

हिरोमित्सूचा चेहरा उतरला. हात करणाऱ्यांची रांग डावीकडेच लागायची, नियमच होता. आणि मोरिवाकीसाहेब म्हणजे बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी माणसाला झापणारे.

ती चढली. दारं लागली. हिरोमित्सू आणि त्याचा जोडीदार डावीकडे जाऊन उभे राहिले. मोरिवाकी मात्र थांबले नाहीत. विमानाच्या नाकासमोरून सरळ पलीकडे चालत गेले.

"आज रांग इकडे," ते मागे न बघता म्हणाले. "तिकडे ऊन डोळ्यांवर येतं."

सकाळपासून ऊन पडलंच नव्हतं.