तो गंध, ते गंध

सापळा रिकामा होता. तळाच्या चिकट कागदावर चार मुंग्या आणि एक वाळके पान. पतंग एकही नाही. हातातल्या चिकूत मात्र अळी निवांत वळवळत होती. डॉ. मेधाने चाकू पुसला. संताप आला की तिचा आवाज चढत नसे. वाक्ये अधिक शुद्ध होत.

शास्त्र सरळ होते. सापळ्यात मादी पतंगाचा कृत्रिम गंध ठेवायचा. त्याला भुलून नर येतात, चिकटतात. दर सोमवारी ते मोजायचे. दहाच्या वर गेले की फवारायचे, तोवर हात आवरायचा. घोटावड्याच्या रंभाबाईंचा मुलगा अमोल आठ सोमवार फोनवर सांगत आला, "शून्य, मॅडम." मेधा पुण्यातल्या कृषी कार्यालयातून आठ सोमवार उत्तर देत आली, "फवारू नका." ज्ञानाची ही देवाणघेवाण अत्यंत शिस्तीत पार पडली, आणि बाग किडली.

त्या उतारावर बाग म्हणून एवढीच उरली होती. भोवतीच्या जमिनींना कुंपणे पडून त्यांवर इंग्रजी नावांच्या पाट्या चढल्या होत्या. हिंजवडीला कंपनीची गाडी चालवणाऱ्या अमोलने आईला बजावले होते: यंदा फळ धड उतरले तर बाग ठेवू, नाहीतर विकू. रंभाबाईंनी सापळ्यांच्या भरवशावर मान डोलावली होती.

"सापळं फुकाट गेलं म्हना की," अमोल म्हणाला. "पतंगबी शिकल्यालं आसतील. हिंजवडी जवळ हाय."

मेधाने सापळा फांदीवरून उतरवला आणि प्रथमच आत नीट पाहिले. गंधाची रबरी गोळी जिथे टांगायची, तिथे पुठ्ठ्यावर एक पिवळसर आडवी रेघ होती. सुबक.

"हे काय आहे?"

"गंध," रंभाबाई म्हणाल्या.

"कसलं?"

"चंदनाचं. देवाला उगाळते त्यातलंच. तीन आठवडं झालं की जुनं पुसायचं, नवं लावायचं. येक खेप चुकली न्हाई, बाई."

"आणि पाकिटं दिली होती ती?"

"ती माठाच्या बुडाशी. थंड जागी ठिवा म्हनलंय कागदात. हात न्हाई लावला."

अमोलने घडी पडलेले माहितीपत्रक खिशातून काढले आणि शाळेतल्यासारखे वाचले, "प्रति तीन सप्ताहांनी सापळ्यातील गंध बदलावा." मग म्हणाला, "नव्या ट्रॅक्टरला गंध लावतो आमी. म्हनलं, ह्यालाबी आसंल."

"'बदलावा' लिहिलं आहे," मेधा थंडपणे म्हणाली. "नाकाला येतो तो गंध. कपाळाला लावतात ते गंध. ते अभिप्रेत असतं, तर 'बदलावे' लिहिलं असतं."

"मॅडम, परीक्षा पतंगाची व्हती का आमची?"

रंभाबाईंनी त्याला हातानेच गप्प केले. "आता फवारलं तर?"

"उपयोग नाही. अळी फळाच्या आत गेली आहे."

अमोल फोन काढून चार पावले बाजूला गेला. बागेत कसे यायचे, कुठल्या फाट्यावर वळायचे, हे तो कुणाला तरी सांगू लागला.

मेधा सोबत आलेल्या शैलेशकडे वळली. तो तिचा सहायक. पत्रकावर लेखक म्हणून नाव त्याचेच होते. "शेतकऱ्यासाठी असं लिहितात? हे तुम्ही लिहिलंत?"

शैलेशने फाईल उघडून मूळ मसुदा तिच्यापुढे धरला. त्याच्या अक्षरात लिहिले होते: 'दर तीन आठवड्यांनी पाकीट फोडून वासाची नवी गोळी टांगा.' ओळीवर लाल शाईची काट होती. समासात शेरा: 'ग्राम्य. भाषा सुधारावी.' शेऱ्याखाली मेधाची सही. वर्षाकाठी अशी चाळीस पत्रके तिच्या हाताखालून जात; हे तिच्या लक्षातही राहिले नव्हते.

"काय लिवलंय त्यात?" रंभाबाईंनी विचारले.

मेधाने काट मारलेली ओळ वाचून दाखवली. शेरा वाचला नाही.

"हे तर कळलं आसतं की," रंभाबाई म्हणाल्या. "खोडलं कुनी?"