बंपरचं रफू

चीर गाडीच्या पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात होती, चांगली वीतभर. रफूताईंनी स्क्रू काढून बंपर उतरवला, अंगणात जुन्या चादरीवर पालथा घातला आणि चष्मा पुसला. पार्किंगमधला खांब काही जागचा हलला नव्हता, चूक त्यांचीच होती. आणि उद्या रविवार होता.

दर रविवारी मुलगा यायचा आणि चहाआधी आईच्या गाडीभोवती एक फेरी मारायचा. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या शहराला गाडी मागे घ्यायला त्यानेच शिकवलेलं. पण सत्तरी गाठलेल्या आईने गाडी चालवावी हे त्याला पटत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्याने बजावलं होतं, "एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली माझ्या खिशात." किल्ली गेली की रफूताईंची थोरली बहीण दुरावली. ती शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. तिकडे बस जात नव्हती, आणि तिला भेटायला जाणारं दुसरं कुणी उरलंही नव्हतं.

रफूताईंनी उभा जन्म रफू केलं होतं. लोकांच्या कोटांची भोकं त्या अशी बुजवायच्या की नंतर मालकालाच ती सापडू नयेत. प्लास्टिक म्हणजे तरी काय, जाडं कापडच, असं स्वतःला समजावत त्या कामाला लागल्या. चीर संपत होती तिथे बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावायची नाही. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून सोल्डरिंगची सळई काढून तापवली. खिडकीच्या जुन्या तारेच्या जाळीचा तुकडा कापला आणि मागच्या बाजूने चिरेवर ठेवून प्लास्टिकमध्ये रुतवला. आता भरायला प्लास्टिक कुठून आणायचं? रफूचा धागा त्याच कापडाच्या आतल्या शिलाईतून काढायचा, हा त्यांचा नेम. त्यांनी बंपरच्याच आतल्या काठाची, कुणाच्या नजरेस न पडणारी पट्टी कापली आणि तीच वितळवून चिरेत भरली. मग पुट्टी. मग पॉलिश पेपर, ओला करून, हलक्या हाताने. पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण दुकानात नेऊन रंग जुळवून आणला. रंगाचा शेवटचा हात वाळल्यावर बंपर जागेवर चढवला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. काम असं उतरलं होतं की आपणच आपली पाठ थोपटावी. हात पोचला असता तर त्यांनी ती थोपटलीही असती.

रविवारी मुलगा आला. एरवी घाईघाईने गाडी तशीच घराकडे तोंड करून लावणारा तो, आज मात्र सावकाश मागे घेत घेत गाडीची पाठ थेट भिंतीला भिडवून थांबला. शिकवणाऱ्याचा हात तो, रफूताईंना कौतुक वाटलं.

त्याने फेरी सुरू केली. उजवी बाजू झाली, मागची झाली. डाव्या कोपऱ्याशी येऊन तो वाकला. बंपरवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आई, माझा ओरखडा कुठे गेला?"

तेव्हा कुठे रफूताईंना आठवलं. गाडी शिकताना पहिल्याच दिवशी त्याने फाटकाला घासून काढलेला ओरखडा! "हेच तुझं पहिलं लायसन्स," म्हणून वडिलांनी तो मुद्दाम तसाच ठेवला होता. चिरेच्या अगदी शेजारी होता. पण रफूवालीचा हात तो. शेजारी दुसरं भोक दिसत असताना थांबतो थोडाच? काल त्यांनी तोही बुजवून टाकला होता, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

थाप मारता आली असती. पण त्यांना ती कधी जमली नव्हती.

"खांबाला लागली, परवा," त्या म्हणाल्या आणि किल्ली बॉनेटवर ठेवली. "घे. फक्त तुझ्या मावशीला तूच जाऊन सांग. मला नाही जमायचं."

त्याने किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो जमिनीवर उकिडवा बसला, मोबाइलचा दिवा लावून बंपरच्या आत डोकावला, बोटाने टकटक करून पाहिलं.

"अगं, हे सगळं तू केलंस? एकटीने?"

"नाही, वरात बोलावली होती!"

तो हसत उठला. हात झटकले. आईची किल्ली उचलून त्याने तिच्या तळहातावर ठेवली आणि खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून त्या किल्लीवर ठेवली. मग फाटकाकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

"माझी गाडी भिंतीपासून जरा पुढे घे. हळू हं, मागचा बंपर सुतळीने बांधलाय. आणि आई, गाडीत शिकाऊ कुणी नव्हतं. मीच होतो."