धुलाईखात्यातलं गाणं

केक कापून झाला आणि भाषण करायला कुणी पुढे येईना, तेव्हा मोठ्या बाईंनी स्वतःच फर्मान सोडलं, "रेडिओ, तू गा."

रुग्णालयाच्या धुलाईखात्यातला मोठ्या बाईंचा तो शेवटचा दिवस. यंत्रं लवकर बंद केली होती. घड्या घालायच्या लांब टेबलावर धुतलेली चादर अंथरून तिच्यावर केक मांडला होता, आणि भोवती सगळ्याजणी हात पुसत उभ्या होत्या.

रेडिओ चाळिशी ओलांडलेली, दोन मुलींची आई. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून ती वर्षानुवर्षं गात आली, म्हणून हे नाव पडलं. अलीकडे मात्र रेडिओ बंद होता. रोज संध्याकाळी ती गाण्याच्या शाळेत जायची. शिकवणारी मुलगी तिच्या थोरलीच्या वयाची, पण भारी कडक. "ताई, परीक्षा देऊन पुढे मैफलीत गायचंय ना? मग सध्या गाणी बंद. फक्त सूर," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नवरा हे ऐकून म्हणाला होता, "घ्या! गाणं शिकायला गेली आणि गाणंच सोडून आली."

"बाई, नको ना. मनाई आहे मला."

"मनाई? कुठल्या डॉक्टरने केली गं?" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

हसण्यात रेडिओही सामील झाली, पण तिच्या मनात सकाळपासून दुसरंच घोळत होतं. मोठ्या बाईंनी आपल्या खुर्चीसाठी साहेबांकडे तिचं नाव दिलं होतं. पगार वाढणार होता, दिवसभर उभं राहणं संपणार होतं. पाळी मात्र संध्याकाळची, म्हणजे क्लासवर पाणी सोडायचं. "या वयात नव्याने काय शिकणार आहेस? तुला येतंच की गं सगळं," बाई म्हणाल्या होत्या. घरी जायच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं. खरं सांगायचं तर तिलाही बाईंचं पटायला लागलं होतं. रोज संध्याकाळी एकच सूर धरून बसायचा तिला कंटाळा आला होता, आणि पोरीसमोर ओशाळल्यासारखंही व्हायचं.

तिने डोळे मिटले आणि बाईंचं आवडतं गाणं सुरू केलं. पहिली ओळ सुरेख गेली. कोपऱ्यातली शिवणारी बाई सुईदोरा खाली ठेवून ऐकू लागली. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढतो. रेडिओ चढली आणि मधेच थांबली.

वरचा सूर तिने गाठलाच नव्हता. फळीवरच्या डब्याला बोटं टेकावीत आणि डबा हाती येऊ नये, तसं काहीसं झालं होतं. तिने ती ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तेच.

"अगं, थांबलीस का? छान चाललं होतं," इस्त्रीवाली म्हणाली.

"चुकतंय."

"कुठे चुकतंय? नेहमी असंच तर म्हणतेस."

रेडिओचा चेहरा उतरला. नेहमी असंच म्हणत होते? तिला खूप वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण गायलो त्यातलं खरं किती आणि घरघरीत खपून गेलेलं किती, हे तिला आता कळेना.

तिचा घसा भरून आला असणार, बाईंच्या निरोपाचं दुःख झालं असणार, असं बाकीच्यांना वाटलं. इस्त्रीवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःच ती ओळ उचलली. मग शिवणारीने, मग सगळ्यांनीच. गाणं प्रत्येकीला पाठ होतं. काम करता करता रेडिओच्या तोंडूनच शिकलेलं. खोली भरून गेली. आवाज वर चढला आणि त्याच जागी, तेवढाच, सगळ्यांचा मिळून खाली राहिला. एकीचाही त्याहून वर गेला नाही.

रेडिओ टेबलाची कड धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मोठ्या बाईंनी पदराने डोळे पुसले. "बघितलंस? तू दिलंस तसंच्या तसं ठेवलंय पोरींनी. आता कशाला हवाय गं तुला क्लास?"

"म्हणूनच हवाय, बाई," रेडिओ म्हणाली. "साहेबांना सांगा, संध्याकाळची पाळी मला जमणार नाही."