बंद केलेला रिमोट

मुरबाडच्या गॅरेजात काम करणाऱ्या पंकजने आपल्या रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांब खेळण्यातल्या बग्गीची मोटर आणि बॅटरी काढून तिला इंधनावर चालणारं छोटं नायट्रो इंजिन बसवलं आणि ती म्हसाच्या जत्रेत सोडली. बग्गी किंचाळत सुटली ती थेट बैलबाजारात. तिथे त्याचा बा बैल विकायला उभा होता. घाबरून पंकजने रिमोटच बंद केला. बॅटरीवर होती तेव्हा ती तेवढ्याने थांबायची. इंजिन मात्र त्याच वेगात फिरत राहिलं. बग्गी बैलाच्या पायात घुसली. बैल गर्दीत जाऊ नये म्हणून बाने कासरा मनगटाला गुंडाळला. बैलाने त्याला दोनदा आपटलं आणि शिंग पोटात घातलं. शेजारी उलटलेली बग्गी किंचाळतच होती. "तिला बंद कर रे," बा म्हणाला. "बंदच हाय, बा." पंकजने रिमोट दाखवला. इंधन संपल्यावर ती गप झाली. बा तिच्याआधीच गप झाला होता.